दादाजींची मारुती सेल्फ घेते, पण उठत नाही

वाकटोल्यात कोणाचंही इंजिन रुसलं की आधी ते दादाजी भांडेकरांना ऐकवायचं आणि मग मेकॅनिकला दाखवायचं, अशी रीतच पडून गेली होती. दादाजींनी सावली गावच्या धानगिरणीचा ट्रक अठ्ठावीस वर्षं हाकला होता. बोनेटवर कान ठेवून, डोळे मिटून ते निदान सांगत. निम्म्या वेळा चुकत. पण सांगत इतक्या ठामपणे, की चूक इंजिनाचीच असावी असं ऐकणाऱ्याला वाटे.

अशा माणसाची स्वतःची गाडी जानेवारीतल्या एका सकाळी भर चौकात, गुलाबच्या चहाटपरीसमोर, दोन आचके देऊन बंद पडली. गाडी म्हणजे पंचवीस वर्षांची पांढरी मारुती, बल्लारपूरच्या एका कामगाराकडून घेतलेली. दार लावताना खिडकीची काच हातानं धरावी लागे, नाहीतर ती दाराच्या पोटात जाऊन बसे. पण तिनं दादाजींना आजवर कधी तोंडघशी पाडलं नव्हतं. आज पाडलं, आणि नेमक्या आज तिच्यात पाच बाया बसलेल्या होत्या.

बायाही साध्यासुध्या नव्हेत. पुढच्या सीटवर दादाजींची बायको गुणाबाई, गावच्या दारूबंदी समितीची अध्यक्ष. मागे रीना, पुनम, मयुरी आणि टोल्यावरची, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवरची, म्हातारी सोमारी, एकमेकींच्या मांडीवर मांडी टाकून. जिल्ह्यात दारूबंदी कागदावर जुनीच. पण कागदाला वास येत नाही आणि वाकटोल्याला संध्याकाळी सातनंतर चांगलाच येत असे. तो वास गुणाबाई आणि बाकी तिघींनी दोन वर्षं खपून घालवला, आणि अखेरीस सोमारीही त्यांच्यात आली. म्हणून आज अकरा वाजता मुलचेऱ्याला त्यांचा सत्कार होता. गुणाबाईनं आठ दिवस गाईसमोर उभं राहून भाषण पाठ केलं होतं. गाईनं एकदाही तोंड फिरवलं नाही, याचा तिला फार धीर आला होता.

सोमारीचं तर विशेष. तिच्या हातची मोहाची दारू पाच गावांत नावाजलेली होती. गुणाबाई तीन महिने रोज तिच्या अंगणात जाऊन बसली, तेव्हा कुठं दिवाळीनंतर म्हातारीनं आपली भट्टी आपल्याच हातानं फोडली. आता ती शेळ्या राखायची. सत्कारासाठी तिनं नवं लुगडं नेसलं होतं आणि त्याची घडी मोडू नये म्हणून ती गाडीतही ताठ बसली होती.

साडेनऊ वाजले होते. सकाळची बस गेलेली, दुसरी दोनला. मुलचेरा अठरा किलोमीटर.

दादाजींनी चावी फिरवली. खर्र-खर्र-खर्र. इंजिन फिरत होतं, पण पेट काही घेत नव्हतं. पुन्हा खर्र-खर्र-खर्र. टपरीवरची माणसं चहाचे ग्लास हातात घेऊन उठली.

"थंडीनं आखडली," दादाजी काच धरून दार उघडत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "दोन मिनिटांचं काम आहे."

गुणाबाई त्यांच्याकडे झुकली आणि हळूच म्हणाली, "पेट्रोलचा तर सवालच नाई जी. सकाळी तुमी आंघोळीले गेले तवा मीच टाकलं. गोठ्यातल्या फळीवरची पांढरी कॅन होती ना, ते पुरी रिकामी केली. नाकाले पदर लावून टाकलं, वासानं डोस्कं दुखते माह्यं."

दादाजींचा एक पाय गाडीत होता आणि एक बाहेर. तो तसाच राहिला.

कारण घरात पेट्रोलची कॅन निळी होती आणि ती गोठ्यात खाली, कडब्याशेजारी असायची. पंप अठरा किलोमीटर लांब, त्यामुळे गावात सगळेच घरी कॅन ठेवत. फळीवरची पांढरी कॅन निराळी. सोमारी भट्टी फोडणार हे कळल्यावर तिच्याकडची शेवटची चार लिटर दादाजींनी गुपचूप उचलली होती. आता गुणाबाईच्या घरात दारू लपवायची म्हणजे मांजराच्या घरात दूध लपवण्यासारखं. तिचं नाक असं की शेजारच्या गल्लीत कोणी बिडी विझवली तरी तिला कळे. फक्त पेट्रोलच्या वासापुढे ते नाक माघार घेई. म्हणून दादाजींनी कॅनच्या गळ्याला पेट्रोलमध्ये बुडवलेली चिंधी बांधली होती, आणि जखमेची पट्टी बदलावी तशी ती दर रविवारी बदलत. शनिवारी संध्याकाळी त्यातली एक झाकणभर घेत. झाकणभरानं माणूस व्यसनी होत नाही, हे त्यांनी स्वतःला आणि गोठ्यातल्या बैलाला पटवून दिलं होतं.

आणि ती कॅन आता टाकीत होती. कार्बोरेटरमध्ये उरलेल्या घोटभर पेट्रोलवर गाडी चौकापर्यंत आली, पुढं तिच्या घशात सोमारीची दारू उतरली, आणि बसली. उभ्या आयुष्यात दादाजींचं निदान इतकं अचूक आणि इतक्या लवकर झालं नव्हतं. आणि तेच नेमकं सांगता येत नव्हतं.

कारण समितीचा एक नियम होता, आणि तो गुणाबाईनंच केलेला. ज्या घरात थेंबभर दारू सापडेल, त्या घरच्या बाईनं समितीत बसायचं नाही. 'बाईच्या नाकाखाली आहे अन् बाईले मालूम नाई, असं होतच नाई,' असं ती ठणकावून सांगे. या नियमापायी दोघी घरी बसल्याही होत्या. म्हणजे गाडी चालू करायची तर टाकीतलं बाहेर काढायला हवं, आणि ते बाहेर आलं की गुणाबाईचं अध्यक्षपद सत्काराच्या दिवशीच जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं दादाजींचं झालं.

तेवढ्यात कोणीतरी पोचूला बोलावलं. पोचू गावचा मेकॅनिक. मोटरसायकलपासून धान मळायच्या मशीनपर्यंत जे फिरतं ते सगळं तो उघडायचा, आणि बहुतेक वेळा लावायचाही.

"तीनच गोष्टी असतात दादाजी भाऊ," तो बोनेट वर करत म्हणाला. "आग, तेल अन् हवा. तिन्ही असल्या की गाडीच्या बापालेबी चालू व्हा लागते. मारा सेल्फ."

खर्र-खर्र-खर्र.

"सेल्फ तर बराबर घेऊन राह्यली. मंग उठत काऊन नाई?"

"कॉइल गेली," दादाजी म्हणाले. "मी आवाजावरून सांगतो."

पोचूनं प्लग काढला, वायरला लावून इंजिनाला टेकवला आणि सेल्फ मारायला लावला. टिक-टिक-टिक निळी ठिणगी पडली. जमलेल्या लोकांनी 'हाव!' म्हणून माना हलवल्या.

"करंट तर चांगला आहे भाऊ."

"मंग हवा अडली. फिल्टर पाह्य फिल्टर!"

फिल्टर काढला. त्यातून मूठभर धानाचा कोंडा आणि दोन मेलेल्या गांधीलमाश्या निघाल्या. दादाजींनी त्या माश्या तळहातावर घेऊन चौकाला दाखवल्या, जणू चोरच सापडला. फिल्टर झटकून बसवला. खर्र-खर्र-खर्र. काही नाही.

"आता तेल पाहू," पोचू म्हणाला.

"तेल कायले पाह्यतो? तेल आहे! मी सांगतो ना!"

"तुमी सांगता जी, पन गाडी नाई सांगून राह्यली."

"डिस्ट्रिब्युटर खोल आधी. त्यात ओल गेली असंल. काल धुतली होती गाडी."

गाडी काल धुतली होती हे खरं. सत्काराला जायचं म्हणून सोमारीच्या टोल्यावरच्या बोअरिंगवर नेऊन धुतली, तिथंच दोन तास वाळवली आणि झेंडूची माळ घातली. पोचूनं डिस्ट्रिब्युटर उघडला, पुसला, फुंकला, लावला. त्यात अर्धा तास गेला. दादाजी मध्येच कॉइलवर परत येत, मध्येच प्लगचं अंतर मोजायला लावत. तेलाचं नाव निघालं की ते पोचू आणि पेट्रोलच्या नळीच्या मध्ये येऊन उभे राहत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. दादाजींच्या मनात तर भर सकाळी पुनवेचं पडलं होतं.

मग धक्का मारायचं ठरलं. सगळ्यांच्या पुढे जे धावले ते तेच, ज्यांची संध्याकाळ या बायांनी कोरडी केली होती. दारूबंदी समिती गाडीत बसलेली, आणि जुने पिणारे तिला चौकभर ढकलताहेत, असा देखावा परत बघायला मिळणार नाही म्हणून त्यांनी चार फेऱ्या मारल्या. गाडी उठली नाही, पण माणसं फार खूश झाली.

सव्वादहा वाजले. धक्का मारणाऱ्यांतला प्रफुल म्हणाला, "काकू, माह्या मोटरसायकलवर तुमी तरी चाला."

"पाचीजनी जाऊ, नाईतर कोनीच नाई," गुणाबाई म्हणाली. ती गाडीतून उतरली नव्हती. भाषणाचा कागद तिनं मांडीवर धरला होता आणि घामानं त्याचा कोपरा ओला झाला होता.  आयुष्यात तिनं त्यांच्याकडे लुगडंसुद्धा मागितलं नव्हतं. मागितलं होतं ते एवढंच, की वेळेवर पोचवा.

पुन्हा सेल्फ मारला. खर्र... खर्र... खर्र. आता आवाज दमला होता.

"बॅटरीत चार-पाच सेल्फाचीच जान आहे," पोचू म्हणाला आणि दादाजींना हातानं बाजूला केलं. "बाजूले व्हा भाऊ. तुमचं निदान झालं, आता माह्यं होऊ द्या."

त्यानं कार्बोरेटरची नळी काढली, गुलाब टपरीत बाटल्यांतून पेट्रोलही विकायचा, त्यातल्या एका रिकाम्या काचेच्या बाटलीत घातली आणि रीनाला सेल्फ मारायला सांगितला. बाटली निम्मी भरली. पोचूनं ती उन्हात धरली. क्षणभरात तिच्यात दोन थर झाले. वर पातळसा पिवळट, खाली जाड थर, पाण्यासारखा स्वच्छ.

"पानी!" दादाजी ओरडले. त्यांना एकदम वाट दिसली. "पेट्रोलात पानी! या गुलाबच्या बाटल्यातलं पेट्रोल घेतलं होतं मागच्या हप्त्यात, पानी मिसळते हा!"

गुलाब टपरी सोडून पुढे आला. "माह्या पेट्रोलात पानी? दादाजी भाऊ, तोंड सांभाळा!"

"भांडू नका," पोचू म्हणाला. "पानी असंल तर जळनार नाई."

त्यानं एक बारीक नळी बाटलीत खोल घालून खालचं थोडं ओढलं, चौकातल्या दगडावर टाकलं आणि काडी लावली.

दगडावर निळी, हलकी, जवळजवळ न दिसणारी ज्योत नाचू लागली.

चौकात तीसेक माणसं होती, आणि चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाला ती ज्योत ओळखीची होती. पहिल्या धारेची दारू अशीच तपासतात. पण ओळख दाखवायला कोणी तयार नव्हतं. सगळे त्या दगडाकडे असे पाहत होते, जसा काही विज्ञानाचा प्रयोग चाललाय. शेवटी एक म्हातारा न राहवून बोलून गेला, "अशी फक्त सोमारीच्या हातचीच जळे बापा."

सगळ्यांचे डोळे मागच्या सीटकडे वळले.

"काल गाडी तिच्याच टोल्यावर होती दोन तास," कोणीतरी म्हणालं.

"म्हंजे टाकीत भरून मुलचेऱ्याले नेऊन राह्यली होती!" गुलाबला पेट्रोलच्या आरोपातून सुटायची घाई झाली होती. "लोक टायरात नेतात, भोपळ्यात नेतात, हे टाकीत! सत्काराच्या गाडीत कोन पाह्यते?"

"भट्टी फोडली म्हने! दिव्याखाली अंधार!"

सोमारीनं बाटली मागून घेतली. वास घेतला. आपल्या हातचा सैपाक बाई कुठंही ओळखते. तिनं मान वर केली आणि सरळ दादाजींकडे पाहिलं. शेवटची चार लिटर कोणी नेली होती हे त्या चौकात दोघांनाच माहीत होतं, निदान दादाजींना तरी तसं वाटत होतं.

मग तिनं बाटली पोचूच्या हातात दिली, लुगड्याचा पदर सावरला आणि गाडीतून उतरली. "तुमी जा बाईओ," ती इतकंच म्हणाली. "मी शेळ्या सोडतो."

आणि ती टोल्याच्या वाटेला लागली, तशीच ताठ. नव्या लुगड्याची घडी अजून मोडली नव्हती.

दादाजी पाहत राहिले. गप्प राहिलं तर सगळं निभत होतं. गुणाबाईचं पद राहत होतं, त्यांची अब्रू राहत होती, आणि टाकी साफ होऊन गाडीही चालू होणार होती. फक्त एक म्हातारी घरी जाणार होती, जिनं स्वतःचं पोट मारून भट्टी फोडली होती. सोमारी पाच पावलं गेली. सहा. सात. 

"थांबा!" ते ओरडले. आवाज इतका मोठा निघाला की टपरीमागची कुत्री उठली. "सोमारीबाई, थांबा! ते माह्यी आहे!"

"काय तुमचं?" पोचूनं विचारलं.

"टाकीतली. सोमारीबाईची शेवटची चार लिटर मीच घेतली होती, भट्टी फोडाच्या आधी. गोठ्यात लपवून ठेवली होती. त्याईचा काई दोष नाई. गुणालेबी मालूम नाई. तिनं पेट्रोल समजून टाकीत ओतली."

गुलाबच्या स्टोव्हवरचा चहा उतू गेला. मग गुलाबच म्हणाला, "म्हंजे दारूबंदीच्या अध्यक्षबाईनं सोताच्या हातानं गाडीले पाजली?"

आणि हशा पिकला. रीना, पुनम, मयुरी तोंडाला पदर लावून हसल्या. पोचू बोनेटवर डोकं टेकून हसला. एकटी गुणाबाई हसली नाही. ती गाडीतून उतरली आणि नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"चार लिटर होती?"

"साडेतीन," दादाजी म्हणाले. खरं बोलायला लागलंच होतं, तर पुरतंच बोलावं. "अर्धा लिटर शनिवारी-शनिवारी गेली. झाकना-झाकनानं."

गुणाबाईनं छातीवरचा समितीचा बिल्ला काढला. चालत जाऊन तो सोमारीच्या नव्या लुगड्याला लावला.

"नियम मीच केला होता," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आजपासून अध्यक्ष सोमारीबाई."

"मले भाषन नाई येत वो," सोमारी घाबरली.

"मलेबी येत नोतं. गाईनं शिकवलं."

मग मात्र काम भराभर झालं. पोचू गाडीखाली शिरला आणि टाकीचा नट सैल केला. साडेतीन लिटर पहिल्या धारेची, वाकटोल्याच्या मातीत मुरत गेली. गावातल्या कित्येक माणसांनी टोप्या काढून हातात घेतल्या. उन्हासाठी नसाव्यात, कारण ऊन अजून कोवळं होतं. धार पिवळट झाल्यावर पोचूनं नट आवळला, कार्बोरेटरची वाटी पुसली, नळ्या फुंकल्या. गुलाबनं पेट्रोलच्या तीन बाटल्या आणून दादाजींच्या हातात दिल्या. "पानी आहे का पाहून घ्या भाऊ," असं म्हणायला तो विसरला नाही.

बॅटरीत शेवटचा सेल्फ उरला असेल नसेल. दादाजींनी चावी फिरवली. खर्र... खर्र... आणि मारुतीनं एक मोठी शिंक देऊन पेट घेतला.

पुढच्या सीटवर सोमारी बसली. गुणाबाई मागे, तिघींच्या मध्ये कोंबून. अठरा किलोमीटर दादाजी आरशातून बघायचे, आरशात फक्त रीनाचा कान दिसायचा.

मुलचेऱ्याला पोचले तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि कार्यक्रम सुरूच झाला नव्हता, कारण पाहुण्यांची गाडी कुठंतरी बंद पडली होती. बाराला पाहुणे आले. वाकटोल्याचं नाव पुकारलं. सोमारी मंचावर गेली, माइकपासून हातभर लांब उभी राहिली आणि बोलली:

"मी दारू काढत होती. चांगली काढत होती. हे गुणाबाई तीन महिने माह्या आंगनात येऊन बसली. दारूचं काई बोले नाई. शेंगा सोलू लागे, निघून जाय. मंग मलेच कसंतरी वाटलं. शेवटची राह्यली होती, ते आज गाडीनं पेली. आता गावात नाई."

सभागृह हसलं, आणि मग टाळ्या थांबेनात.

गुणाबाई सगळ्यात मागच्या रांगेत, दादाजींच्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. समितीच्या रांगेत ती बसली नाही. नियम म्हणजे नियम. दादाजींनी आपले पंजे उलटसुलट करून पाहिले. पंजे काळे झाले होते.

"गुणा," ते म्हणाले. "चुकलं माह्यं. आजचा दिवस तुहा होता."

ती समोरच बघत होती. "पोचूनं काडी लावली तवाच मले समजलं. कॅन तर मीच ओतली होती."

दादाजी चपापले. "मंग बोलली काऊन नाई?"

"मोजून राह्यली होती."

"काय?"

"मनात. सोमारीबाईची पावलं. दहापर्यंत. दहा झाले असते तर मी सोता बोलली असती. पन मंग तुमच्यासंग घरी कशी राह्यली असती, ते काई मले सुचत नोतं."

 करंट, तेल, हवा, सगळं असूनही त्यांना काही बोलता येईना. मग त्यांनी हळूच विचारलं, "अन् मी कितीवर बोललो?"

"नऊवर," गुणाबाई म्हणाली, आणि सोमारीसाठी जोरजोरानं टाळ्या वाजवायला लागली.